सोमवारची मीटिंग

"सुकन्याताई, पैसे घालणाऱ्यासमोर गप्प बसू नका. पटलं न्हाई तर तिथंच तोंडावर सांगा, घरी येऊन न्हाई."

नांदेडात नव्या उद्योजकांना वाट दाखवणारे वीरण्णा सर पहिल्याच दिवशी असं बोलले होते. मंगळवारी सकाळी मेल उघडून बसली, तेव्हा सुकन्याच्या कानात तेच वाजत होतं.

तिची कारळ्याच्या चटणीची कंपनी. हदगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये चांगुणाबाई आणि आणखी दहा जणी कारळं भाजत, कुटत. नांदेडहून दीर शिवम पाकिटं गावोगाव धाडी. पुण्याच्या एका गुंतवणूकदारानं हिस्सा घ्यायचं ठरवलं आणि आधी थोडी उचल दिली. त्यातून नांदेडच्या घरी पाकिटं भरायचं मशीन आलं. व्यवहार फिसकटला तर उचल महिन्याभरात परत, असं कागदावर होतं.

मीटिंग मंगळवारची, ती ऐनवेळी सोमवारवर आली. श्रावणी सोमवारी सुकन्याचं मौन असे, सांजेला महादेवाला बेल वाहेपर्यंत. लग्नाच्या आधीपासून एकदाही मोडलं नव्हतं.

"वहिनी, तेवढ्यापुरतं बोला की. महादेव काय मीटिंगला येऊन बसणार हाय का?" शिवम म्हणाला. ती नुसती हसली आणि पाटी घेऊन त्याच्या शेजारी बसली.

लॅपटॉपवरून पुण्याचे साहेब म्हणाले, "हदगावची शेड बंद करू. चटणी इकडच्या कारखान्यात करून घेऊ. मॅडमना चालेल ना?"

तिनं पाटीवर मोठ्ठं 'नाही' लिहिलं. ती उचलायच्या आतच शिवमनं पाटी टेबलाखाली दाबली. "हाव सर, वहिनी तयार हायेत."

शब्द ओठांपर्यंत आला होता. तिनं तो गिळला, आणि तेवढ्यात साहेबांनी मीटिंग संपवली.

आता मंगळवारी मेलवर कराराचा कागद आला होता, सही बुधवारपर्यंत. तिनं साहेबांना फोन लावला.

"मॅडम, काल तुम्ही समोरच होता. बोलला का नाहीत?"

"माझं व्रत होतं, साहेब."

पलीकडून अगदी आदरानं, "तुमच्या श्रद्धेचा मान आहे. पण माझ्या भागीदारांना मी होकार कळवून बसलोय. नको असेल तर उचल परत करा, आमचा राग नाही."

परत करायची तर मशीन विकायचं. मशीन गेलं की ऑर्डरी गेल्या, आणि ऑर्डरी गेल्यावर शेड तशीही बंदच. कुठूनही निघालं तरी ती तिथंच येऊन थांबत होती.

"भावजी, माझी पाटी का दाबलीत?"

"व्यवहार मोडू नये म्हून. तुमी तोंडानं बोलला असता तर दाबायची माझी काय बिशाद, वहिनी?"



दुपारी चांगुणाबाईंचा फोन आला. "ताई, गावात लोकं कायबी बोलून राहिले. भट्टी बंद होणार म्हनं? ह्या पोरींनी तर नवीन कारळं निवडाया घेतलंय."

"बाई, जे असेल ते मीच येऊन सांगेन. फोनवर नाही, दुसऱ्याच्या तोंडून नाही. उद्या येते."

"या मग. जेवायलाच या."

बुधवारी सकाळी तिनं पुन्हा फोन केला. दिवाळीपर्यंत बायकांची मजुरी चालू ठेवा, म्हणाली. साहेब महिनाअखेरच्या पुढं सरकले नाहीत. तेवढी ओळ लिहून घेऊन तिनं सही केली.

मग पूजा आटोपली. नेहमीचा जप पुरा केला, घाई केली नाही. शिवम मशीनपाशी पाकिटं लावत होता. त्यानं मान वर केली नाही, तिनंही हाक मारली नाही. पदर खांद्यावर घेऊन ती हदगावच्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागली.