अननस

ब्रायनी मेलबर्नहून क्वीन्सलँडच्या या खाणीच्या गावात आली आणि तिला मुली आवडतात ही बातमी आठवडाभरात शाळाभर झाली. आता त्याच कहाणीवर वेब मालिका निघत होती आणि नायिकेचं कामही तीच करत होती. छळणाऱ्या मुलीच्या कामासाठी दिग्दर्शिका ग्रेटाने गावातलीच जॅसिंटा निवडली.

"काय खरं वाटतं हिचं मारणं," ग्रेटा खूश होती. शाळेत ब्रायनीला बुकलणारी हीच, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रायनीनेही नाही.

फुटबॉल क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत मारामारीचं शूटिंग होतं. 'नको', 'सोड' हे संवादातच होते, म्हणून खरंच लागलं तर 'अननस' म्हणायचं ठरलं. तो शब्द आला की सगळे जागीच थांबणार.

कॅमेरा सुरू झाला. जॅसिंटाने केस धरून ब्रायनीचं तोंड खरोखरच लोखंडी कपाटावर आपटलं. ओठ फाटला.

"गेली नाहीस अजून मेलबर्नला?" जॅसिंटा कानाशी पुटपुटली. हे संवादात नव्हतं.

ब्रायनी अननस म्हणाली नाही. तिने कोपर मागे हाणलं, तसं जॅसिंटाचं नाक कडकन मोडलं. ती कोसळली. ब्रायनी तिच्या छातीवर बसली आणि मारत सुटली.

"अननस," जॅसिंटा रक्त थुंकत म्हणाली. "अगं, अननस."

ग्रेटा धावत आली. "थांब, ती शब्द म्हणतेय."

"मी वर्षभर 'सोड' म्हणत होते." ब्रायनीने मूठ पुन्हा उचलली. "तेव्हा कुठला शब्द चालत होता, ते विचार हिला."