टेपची शेपटी

एरवी भांड्यांच्या आवाजानं मामींचं डोकं उठायचं. आता मात्र स्वयंपाकघरातली शांतता त्यांना खायला उठत होती.

कारण या घरात स्वयंपाक मामांचा. जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढून त्यांनी तारा जोडल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना तारमामा म्हणायची. निवृत्त होऊन खांबावरून उतरले ते थेट कुकिंग रेंजपुढंच उभे राहिले. वर चार शेगड्या, पोटात ओव्हन. तिथं मामींना मज्जाव. "तुझा हात लागला की करपतं," असं तोंडावर सांगायचे. आणि खोटं कशाला बोला, मामींनी पाणीसुद्धा करपवून दाखवलं असतं!

अन् एके दिवशी रेंज बंद पडली. डिस्प्लेवर एफ आणि पुढं एक आकडा, वर पीं-पीं-पीं. शेगडी ढिम्म तापेना. मामांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "संपलं तिचं. देऊन टाक भंगारात." तेव्हापासून जेवण खानावळीच्या डब्यातलं आणि मामा खिडकीशी. माणूस निम्मा झाला. मामींना त्या लोखंडाच्या खोक्याचं काय पडलं होतं? त्यांना मामा परत शेगडीपुढं हवे होते, खेकसणारे का होईनात.

मेकॅनिक आज दुसऱ्यांदा आला होता. मागच्या खेपेला त्यानं त्या एफचा अर्थ सांगितला होता: पुढच्या पॅनेलमधलं कार्ड आणि मागचं पॉवर कार्ड, दोघांचं बोलणं तुटलंय. पुढचंच बिघडलं असणार म्हणून त्यानं नवं कार्ड आणलं, बसवलं, मेन स्विच चालू केला.

पीं-पीं-पीं. तोच एफ, तोच आकडा.

"अगं बाई!" मामी मटकन खुर्चीत बसल्या.

"आमच्या घरी असंच असतं, मामी," मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला. "बायको आतून बोलते, मी बाहेर बसलेला. दोघंही धडधाकट, पण निरोप काही पोचत नाही."

"मग काय करता?"

"उठून मधल्या दाराशी जातो. चला, मागं बघू."

"अहो, कशाला उगाच जीव काढताय?" खिडकीतून मामांचा आवाज आला. "जुनी झालीय ती."

मेकॅनिकनं मेन बंद केला, रेंज भिंतीपासून ओढली, मागचा पत्रा काढला. मीटर लावून एकेक वायर तपासत गेला आणि मध्येच थांबला. "हात्तिच्या! मामी, हे बघा. दोन्ही कार्डं ठणठणीत आहेत. त्यांच्यामधल्या बारीक वायरीचा प्लगच काढून ठेवलाय. कुणी उघडली होती का रेंज? ज्यानं केलंय त्यानं काम मात्र निगुतीनं केलंय. प्लगला टेप गुंडाळलाय, टोकसुद्धा दुमडून ठेवलंय."

मामी वाकल्या. काळ्या टेपचं टोक नखाएवढं दुमडलेलं, शेपटीसारखं बाहेर आलेलं.

या घरात साखरेच्या पुड्यापासून औषधाच्या खोक्यापर्यंत प्रत्येक टेपला ती शेपटी होती. लग्न नवं असताना मामी हसल्या होत्या तिला. तेव्हा मामा म्हणाले होते, "उद्या जो सोडवायला येईल, त्याला नखं घासत बसावं लागू नये."

मेकॅनिकला थांबायला सांगून मामी तडक खिडकीशी गेल्या.

"अहो, प्लग तुम्ही काढलात?"

मामा बाहेर बघतच बोलले.

"तू झोपली होतीस. मी ओव्हनमध्ये पाव ठेवला आणि फिरायला गेलो. परत आलो तर घरभर धूर. ट्रेमध्ये नुसता कोळसा. आणि तो पाव मी ठेवला होता, हेच मला आठवेना गं."

"आणि मला कळलंसुद्धा नाही?"

"दारं-खिडक्या उघडल्या, ट्रे घासला. तुला काय सांगणार? गावभरच्या तारा पाठ होत्या मला. तुला काही झालं असतं तर?"

मामींना रडू आलं आणि रागही आला, आणि आधी राग बाहेर पडला. "मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं म्हणून अबोला धरलाय! एवढे दिवस जिवाला घोर नुसता! आणि कायमची बंद करायची होती, तर वायर कापायची होती. पक्कड आहे की घरात. शेपटी कशाला ठेवलीत?"

"सवय," मामा पुटपुटले.

"सवय नाही काही. कुणीतरी येऊन सोडवावं, असं तुम्हालाच वाटत होतं."

मामींनी त्यांचा हात हातात घेतला.

"मी तिथंच स्टूल टाकून बसणार," त्या म्हणाल्या. "हात तुमचे, ध्यान माझं. तुम्ही विसरा खुशाल."

"तू? तुला काय कळतं त्यातलं?"

"जन्मभर करपवलंय मी. करपायला लागलेलं माझ्याइतकं लवकर कुणाला कळणार?"

मामांना हसू फुटलं, डोळे पुसता पुसता.

प्लगवरचा टेप मामींनीच काढला. शेपटी धरून ओढली, एका ओढीत निघाला. मेकॅनिकनं जुनंच कार्ड परत लावलं, प्लग बसवला, मेन चालू केला. एकदाच पीं वाजलं आणि एफ गेला. नवं कार्ड पिशवीत परत टाकत तो म्हणाला, "हे उगाच हेलपाटे घालतंय बिचारं."

संध्याकाळी सूप शिजत होतं. मामी स्टुलावर, मामा शेगडीपुढं. ढवळता ढवळता त्यांचा हात थांबला. ते पातेल्याकडं बघत राहिले, मग मामींकडं वळले. एवढ्या वर्षांत स्वयंपाकातलं काही त्यांनी मामींना कधी विचारलं नव्हतं.

"मीठ घातलं का गं मी?"

"घातलंत."

मामांनी चव घेऊन बघितली नाही. झाकण ठेवलं.