सासूबाईंच्या रक्तातली ओळख

लस घेऊनही ज्यांना करोना झाला, अशा लोकांचं रक्त तिच्या प्रयोगशाळेत यायचं. त्यातला द्राव वेगळा काढायचा आणि तो एकेका व्हेरिअंटसमोर उभा करून कोणाला अडवतो ते पाहायचं, हे तिचं काम. समोर असायचा तो खरा विषाणू नव्हे, त्याचा अंगरखा चढवलेला निरुपद्रवी बहुरूपी. त्या द्रावातल्या अँटीबॉडीज बहुधा माणसांसारख्याच वागतात. लशीतून जो पहिला भेटला त्याला अंधारातही ओळखतात. नव्याकडे मात्र ‘कुठंतरी पाहिलंय’ अशा नजरेनं बघतात.

एका नमुन्यानं पंचाईत केली. दूरदेशी नुकताच सापडलेला, गावात अजून पोचलाही नसलेला व्हेरिअंट त्या रक्तानं असा थोपवला, की जणू दोघांचं जुनं वैर. त्या माणसाला प्रत्यक्ष झालेल्या व्हेरिअंटलाही इतकं अडवलं नव्हतं.

“लस आणि वर आजार, दोन्ही झालं की अँटीबॉडीजचा आवाका वाढतो,” प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. “पण इतका? पुन्हा करून बघा.”

पुन्हा तेच आलं. नव्यानं रक्त मागवायला तिनं नमुने गोळा करणाऱ्या नर्सला फोन केला, तर ती हसली. “अहो, हे तर तुमच्याच घरचं रक्त. तुमच्या सासूबाईंचं.”

सासूबाईंनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला. तेव्हापासून जिभेला विश्रांती नाही.

“काय सापडलं माझ्यात? खवटपणा?” त्यांनी सुनेला विचारलं.

“चेष्टा नका करू, आई. आजारातून उठल्यापासून काही वेगळं वाटतं का?”

सासूबाई गप्प झाल्या. हेच मुळात वेगळं होतं.

आजारात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं तरी त्यांना पत्ता नसे.

“एकच वास येतो,” त्या हळूच म्हणाल्या. “विझत्या निखाऱ्यांवर पाणी ओतल्यासारखा. काही काही माणसांच्या अंगाला. खालच्या शिंप्याच्या अंगाला आला होता. चांगला धडधाकट, हसत कोटाला गुंड्या लावत होता. मी काही बोलले नाही. काय बोलणार? दोन दिवसांनी करोना होऊन अंथरूण धरलं, आणि गेलाच बिचारा.”

आजारानंतर नाक असे खेळ करतं, नसलेले वास येतात, असं सुनेनं समजावलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी बोलताना तिला आपलाच आवाज पोकळ वाटला.

पुढं एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर सासूबाईंनी दारातच हात आडवा धरला.

“तिथंच थांब. तुझ्या अंगाला येतोय.”

तिनं तपासणी केली. काही निघालं नाही. तरी म्हातारीच्या समाधानासाठी ती मागच्या खोलीत निजली. सकाळी घशात काटे आणि अंगात ताप. तिचा नमुना तपासला गेला आणि सरांचा फोन आला, आवाज खाली उतरलेला. “तोच नवा व्हेरिअंट आहे. तुमच्याआधी इथं कोणालाच सापडलेला नाही.”

तापाच्या गुंगीत तिनं डोळे उघडले, तर सासूबाई मास्क हनुवटीवर ओढून तिच्या केसांजवळ वाकल्या होत्या. हुंगत होत्या.

“कमी होतोय,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

त्यांना काहीच झालं नाही. सून हिंडूफिरू लागली, आणि एका सकाळी पाहते तर सासूबाई एकेक खिडकी लावत सुटलेल्या.

“खाली कोण आलंय?”

“कोणी एक नाही गं. सगळ्या रस्त्याचाच येतोय.”

खाली नेहमीचीच सकाळ. दुकानांची शटरं वर जात होती, कोणी गाडी पुसत होतं, पोरं दप्तरं ओढत शाळेला निघाली होती.

“शिंप्याच्या वेळी तोंड शिवून बसले,” सासूबाई म्हणाल्या. “आता नाही बसणार. चल.”

“लोक वेड्यात काढतील, आई.”

“काढू देत. डॉक्टरीणबाई, बोलायचं तू. वासाचं नाव काढू नकोस.”

दोघी दारोदार फिरल्या. नवा व्हेरिअंट गावात आलाय, मला होऊन गेलाय, मास्क लावा, म्हाताऱ्यांना जपा, एवढंच सून सांगत होती. कोणी मान डोलावली, कोणी थट्टेवारी नेलं. शिंप्याच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग सुनेकडं न बघता सासूबाईंना विचारलं, “यांच्या वेळी तुम्हाला कळलं होतं?”

सुनेनं विषय बदलायला तोंड उघडलं, पण शिंप्याच्या बायकोनं तिला हातानंच थांबवलं.

“त्या दिवशी तुम्ही दुकानातून मागं सरलात. मी पाहिलं होतं.”

“हो,” सासूबाई म्हणाल्या. “कळलं होतं.”

ती बाई आत गेली. तिनं मास्क लावला आणि पायात चपला सरकवल्या. “चला. पलीकडच्या इमारतीत माझं ऐकतात.”

लाट आलीच. घराघरात माणसं अंथरुणाला लागली, पण ज्या दारांनी ऐकलं होतं तिथली म्हातारी माणसं वाचली. याचं श्रेय कोणी कोणाला दिलं नाही. काही महिन्यांनी सरांनी सासूबाईंचं रक्त पुन्हा तपासलं, तर ते चारचौघांसारखं झालेलं. “ओसरतात अँटीबॉडीज,” ते म्हणाले.

“सुटले बाई,” सासूबाई म्हणाल्या. वास गेला का, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि सुनेला विचारवलं नाही.

शिंप्याची बायको हल्ली रोज संध्याकाळी वर येते. सासूबाईंना अगदी खेटून बसते. विचारत काही नाही, नुसती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहते. चेहरा हलला नाही, की मग उठून घरी जाते.