निळ्या टोपीचा मंत्र

लोम्साकच्या बाजाराबाहेर आचार्य विसुतांनी मांडव घातला होता आणि अख्खं गाव आपापल्या गाड्या घेऊन तिथे लोटलं होतं. आजवर गाडीची पूजा म्हणजे भिक्षूंनी छताला आतून पांढरे ठिपके लावायचे, एवढंच. या महाराजांनी थेट इंजिनात हात घातला!

"बघा, मेलेला धातू जिवंत होतोय!" आचार्य गरजले. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर बसणारी टायटॅनियमची राखाडी टोपी त्यांनी बुद्धमूर्तीभोवती गुंडाळलेल्या पवित्र दोऱ्याच्या टोकाला अडकवली, तीर्थाच्या पातेल्यात अर्धी बुडवली आणि मंत्र पुटपुटले. टोपी सोनेरी झाली, मग जांभळी, मग निळी. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"शर्यतीच्या गाडीतली टोपी आहे ही! वजनाला पिसासारखी! मंत्रानं बांधली की झिजणार नाही, तुटणार नाही. इंजिन मात्र उघडून बघायचं नाही, शक्ती उडून जाते!"

सुपाफोनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तंत्रशाळेत इंजिनं शिकवायची. तिच्या धाकट्या भावाने, तनातने, सहा महिन्यांपूर्वी याच महाराजांकडून असल्याच टोप्या गाडीत बसवून घेतल्या होत्या. त्याच गाडीतून तो रोज शाळेची पोरं घाटाखाली न्यायचा.

"आचार्य, हाच चमत्कार माझ्या दोऱ्याने करून दाखवा," देवळाच्या दुकानातून आणलेलं दोऱ्याचं रीळ पुढे करत ती म्हणाली.

"तुझ्या दोऱ्यावर संस्कार नाहीत, पोरी."

"मग तुमच्या दोऱ्यावर कसले आहेत ते बघू की!" तिने दोरा ओढला आणि नखाने सूत सोललं. आत तांब्याची तार! तार मूर्तीमागून टेबलाखाली गेली होती. सुपाफोनने चादर उचलली, तर खाली बॅटऱ्यांची माळ आणि दुसरी तार पातेल्याच्या बुडाला.

"हात लावू नकोस, कोप होईल!"

"होऊ दे!" तिने दुसरी टोपी तारेला अडकवून बुडवली. तोंडातून अवाक्षर न काढता. तीही निळी झाली. "पाण्यात सोडा टाकलाय आणि वीज सोडलीय. या धातूवर पातळ थर चढतो, त्याचा रंग दिसतो. मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या, रंग तोच!"

आचार्यांनी पातेलं तिथेच टाकून पळ काढला. गर्दीतला तनात मात्र हटून बसला. "रंग खोटा असेल ताई, पण धातू तर खरा ना?"

"खरा आहे रे, आणि तिथेच घात आहे! हलका आहे, पण घासला की झिजतो. शर्यतवाले इंजिन वरचेवर उघडतात, झिजलेली टोपी फेकून देतात. त्यांच्या गाडीला ती शोभते. तू त्या भोंदूचं ऐकून इंजिनाच्या झाकणाला हातही लावला नाहीस. उघड."

"अगं, पण शक्ती..."

"तनात, उघड म्हणते ना!"

त्याने मांडवाबाहेरच्या आपल्या गाडीचं बॉनेट वर केलं आणि बोल्ट सोडवून इंजिनाचं झाकण काढलं. पोलादी स्प्रिंगने टोप्यांमध्ये खोल चर पाडला होता आणि एका टोपीची कड तडकली होती.

"ही तुटली की व्हॉल्व्ह खाली पडणार, इंजिन जागच्या जागी फुटून जाम होणार," सुपाफोन म्हणाली. "तेही भर उतारावर."

तनातने तड्यावर बोट फिरवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई... काल पुढच्या सीटवर तुझी लेक मालै बसली होती."

सुपाफोन गर्दीकडे वळली. "हात कुणापुढे जोडायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जो उघडून बघू नका म्हणतो, त्याचं आधी उघडून बघा!"

मांडवाबाहेर एकेका गाडीचं बॉनेट वर होऊ लागलं.