रस्त्यात आडवी पडलेली निळी सायकल

मित्रांनो, व्हर्ना डिकच्या शेडमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्याच्या वर खिळ्याला टांगलेली जुनी निळी सायकल ती मीच. माझे पुढचे चाक पार वाकडे झाले आहे. येणारेजाणारे त्याकडे पाहून हळहळतात. हळहळू नका. ते कसे वाकले, तेच तर मला सांगायचे आहे.

माझा जन्म मॉन्ट्रियलच्या एका कारखान्यात झाला. पोलादी नळ्या, दहा गिअर आणि हा निळा रंग. तेथून मी आगगाडीने कॅनडाच्याच सस्कॅचवान प्रांतातल्या माळावर आले आणि एका दुकानात दोन हिवाळे धूळ खात उभी राहिले. या मुलुखात सायकल पोरांनी चालवावी आणि मोठ्यांनी पिकअप ट्रक, अशी रीत. व्हर्ना शाळेची बस चालवत असे. तिने मला घरी नेले तेव्हा गावाने तिला यथेच्छ नावे ठेवली. शाळेत स्वयंपाक करणारी तिची मैत्रीण मार्टा पाल्चुक सर्वांत जास्त हसली, आणि पुढच्याच महिन्यात स्वतःसाठी हिरवी सायकल घेऊन आली. ती हिरवी माझ्यापेक्षा हलकी होती आणि हे ती मला कधी विसरू देत नसे.

आठ उन्हाळे आम्ही चौघी हिंडलो. नवव्या वर्षी दोघींनी ठरवले की पश्चिमेच्या सीमेपासून पूर्वेच्या सीमेपर्यंत सगळा माळ ओलांडायचा. मार्टाला मधुमेह होता. जेवणाआधी ती मांडीत इन्सुलिनची सुई टोचून घेई आणि अर्ध्या तासात जेवायला बसे. एवढे पथ्य पाळले की तिला काही होत नसे. जेवण लांबले तर मात्र रक्तातली साखर एकदम उतरे आणि लगेच काहीतरी गोड खावे लागे.

त्या माळावर एक चाल आहे. समोरून कोणीही येवो, ओळखीचा असो वा नसो, स्टिअरिंगवरचे बोट उचलून त्याला रामराम करायचा आणि दुसऱ्याने तो परत करायचा. जो करणार नाही तो एक तर परका, नाही तर घमेंडखोर. व्हर्नाने आयुष्यात कोणाचा रामराम बुडवला नव्हता. माझ्यावर बसल्यावरसुद्धा तिचा डावा हात सारखा वर जाई.

सहाव्या दिवशी समोरून वारा सुटला. सकाळी तंबू आवरताना व्हर्नाने माझ्या पिशवीतले उरलेसुरले मनुके तोंडात टाकले. ते मार्टाच्या अडीनडीसाठी ठेवलेले होते.

"दुपारी दुकानात नवे घेऊ," ती म्हणाली.

"घे गं, खा. तुला काय, जिभेवर ताबा नाही आणि पोटाला तळ नाही," मार्टा हसली.

अकराच्या सुमारास क्षितिजावर धान्याचे उंच कोठार दिसू लागले. तिकडे सगळे अंतर कोठारांवरून मोजतात. कोठार म्हणजे गाव आणि गाव म्हणजे गरम जेवण. मार्टा रस्त्याच्या कडेला थांबली आणि तिने सुई टोचून घेतली.

"अगं, जरा दम धर ना. पोचल्यावर घे," व्हर्ना म्हणाली.

"कोठार दिसतंय की! जन्म गेला माझा इथे. अर्ध्या तासात सूप पुढ्यात असेल."

त्या स्वच्छ हवेत कोठार दहा मैलांवरून हाकेच्या अंतरावर वाटते. मोटारीत बसून जन्म गेलेल्यांना ते दहा मैल कधी कळतच नाहीत. वाऱ्याशी झटत आम्हाला तेथे पोचायला दीड तास लागला. पोचलो तर कोठाराला कुलूप होते, दुकानाच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या, आणि गावात एकही माणूस उरला नव्हता. दोघींजवळ पाणी होते आणि कच्चे तांदूळ होते, पण ते शिजेपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

"पुढे जाऊ. मोठा रस्ता तीन मैलांवर आहे," व्हर्ना म्हणाली.

मैलभरातच हिरवी सायकल झोकांड्या खाऊ लागली. मार्टाला दरदरून घाम फुटला होता.

"मार्टा, थांब. खाली उतर."

"माझ्यावर ओरडू नकोस. ही काय तुझी शाळेची बस आहे?" तिचे शब्द जड येत होते. मग हिरवी चरातल्या गवतात कलंडली आणि मार्टा रस्त्याच्या कडेला मटकन बसली. मी घाबरले. मला हात नाहीत, आवाज नाही, नुसती एक घंटी आहे. सायकल असण्याचे एवढे दुःख मला आधी कधी झाले नव्हते.

तिला सोडून मदत आणायला जावे, तर ती उठून भलतीकडेच चालू लागे. तेवढ्यात एक पिकअप आला. व्हर्नाने हात वर केला. चालकाने बोट उचलले, गोड हसला आणि निघून गेला.

मागोमाग मोटारीतून एक म्हातारे जोडपे आले. व्हर्नाने दोन्ही हात हलवले. त्या दोघांनीही प्रेमाने हात हलवले. धूळ खाली बसली, आणि व्हर्नाच्या तोंडचे पाणी पळाले. असा कितीतरी जणांना तिने स्वतः रामराम केला होता आणि बस पुढे नेली होती.

"व्हर्ना, झोप येतेय गं," मार्टा पुटपुटली.

"झोपायचं नाही. मला शिव्या दे. मनुके मी खाल्ले ना? दे शिव्या."

मार्टाची मान छातीवर कलली.

बऱ्याच वेळाने दूर पुन्हा धूळ उठली. व्हर्नाने एकदा माझ्या सीटवर हात ठेवला. मग तिने मला रस्त्याच्या मधोमध नेऊन आडवे टाकले.

खडीवर करकचून ब्रेक लागला. गाडी घसरत आली आणि माझे पुढचे चाक तिच्याखाली गेले. टोपी घातलेला एक शेतकरी तणतणत खाली उतरला.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? सायकल अशी रस्त्यात टाकतात?"

"गोड काही आहे का तुमच्याकडे? लवकर सांगा."

त्याने मार्टाकडे पाहिले आणि तो गाडीकडे धावला. सरबताची बाटली निघाली. बायकोने चर्चच्या जेवणासाठी दिलेला 'पाय', म्हणजे जांभळ्या बोरांचे गोड सारण भरून भाजलेला पदार्थही, निघाला. व्हर्नाने घोटघोट सरबत पाजले, मग बोटांनी सारण भरवले. माझ्या तुटलेल्या तारा उन्हात चमकत होत्या. पाव तासाने मार्टाने डोळे नीट उघडले आणि ओठ चाटले.

"सारण बरं झालंय," ती म्हणाली, "पण साखर कमी पडलीय."

व्हर्ना रस्त्यावरच बसून रडली. शेतकरी टोपी काढून उभा राहिला. "माझा मेहुणा मघाशीच इथून गेला," तो खाली बघत म्हणाला. "गाडीतल्या वायरलेसवर म्हणत होता, दोन बायका भेटल्या, फार प्रेमाने हात करत होत्या."

माळ ओलांडायचा राहिला तो राहिलाच. मला नवे चाक बसवायला व्हर्नाने नकार दिला आणि मला या खिळ्यावर टांगले. मध्ये कितीतरी वर्षे मला कोणी विचारले नाही. सीटवर कोंबड्या बसल्या, घंटी गंजली, साखळी आखडली. रागही आला. रस्ता पाहिलेल्याला भिंत सोसत नाही.

आता दोघी ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. व्हर्नाला पोस्टात जाऊन यायला तास लागतो, कारण हात करणाऱ्या प्रत्येकापाशी ती गाडी थांबवते, काच खाली करते आणि "बरं आहे ना?" म्हणून विचारते. लोक तिला चक्रम म्हणतात.

मित्रांनो, आपल्या सायकलीला तेल द्या, तिला पावसात टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण कोणी हात केला तर नुसता हात करून पुढे जाऊ नका. थांबा आणि विचारा.

आता दर वसंतात मार्टा काठी टेकत शेडमध्ये येते, माझ्या साखळीला तेल घालते आणि माझ्या पिशवीतला मनुक्यांचा जुना पुडा काढून नवा ठेवते. जुने मनुके ती तेथेच उभी राहून खाते. व्हर्नाला देऊ करते. व्हर्ना मान हलवते आणि एकही उचलत नाही.