रिकामं घरटं

"पाहुण्याला आधी रिकामं घरटं दाखवायचं, पोरी," असं म्हाताऱ्या वाटाड्या एवारिस्तोनं बजावलं होतं. तेव्हा ग्रासिएला हसली होती.

मात्राका पक्षी चोया निवडुंगाच्या काट्यांत दोन-तीन घरटी बांधतो, पिल्लं एकातच. वाळवंटातल्या पिटिकितो गावचे वाटाडे बाहेरच्याला रिकाम्यापुढं तासभर उभं करतात, माणूस कसा वागतो ते पाहतात, मगच खऱ्याकडे नेतात. जीवशास्त्र शिकून आलेल्या ग्रासिएलाला ही लबाडी वाटायची. म्हणूनच परवा, मोन्तेर्रे शहरातून आलेल्या त्या कॅमेरेवाल्यासमोर तिनं म्हाताऱ्याला खोडून काढलं.

"काका, हे रिकामं आहे. पिल्लं पलीकडच्यात आहेत."

एवारिस्तोनं फक्त टोपी पुढं ओढली.

आज ती पिल्लांच्या घरट्याकडे गेली तेव्हा चोयाच्या सहा फांद्या कात्रीनं छाटलेल्या होत्या. लेन्सला वाट मोकळी. वाळूत कोर्रेकामिनोसची फुलीफुलीची पावलं, त्या शिकारी पक्ष्यालाही वाट मोकळीच. घरट्यात दोन पिसं उरली होती. कापलेल्या फांद्या मात्र कुणीतरी उचलून घरट्याभोवती पुन्हा टेकवल्या होत्या, आणि त्यांवर रक्ताचे ठिपके होते. इथली माणसं चोयाला हात लावत नाहीत, अंगात रुतलेला काटेरी गोळाही फणीनंच उपटतात. पिल्लांसाठी नुसत्या हातानं त्या उचलणारा एवारिस्तोच, हे तिला विचारावं लागलं नाही.

ती घरी आली. तिच्याकडे उतरलेला तो पाहुणा अंगणात माचाका, सुकवलेलं मांस, खात बसला होता. त्यानं पिल्लाचा फोटो पुढं केला.

"डोळ्यातला उजेड बघा. काटे फार आडवे येत होते हो."

"ते त्यासाठीच असतात," ती म्हणाली.

त्याच्या पोटरीत चोयाचा गोळा रुतला होता. फणी आहे का, त्यानं विचारलं. फणी तिच्या खिशात होती. नाही, ती म्हणाली.

"बरं, तुमची छोटी कुठाय? तिचाही एक काढतो."

तिची लेक पडद्यामागं झोपली होती. ग्रासिएलानं देवळापलीकडच्या घराकडे बोट केलं. तिथं चार वर्षांत कुणी राहिलेलं नाही. कॅमेरा सावरत, लंगडत तो निघाला.

तेव्हापासून एवारिस्तो तिला दार उघडत नाही. त्या बाजूला गेलात तर एवढं करा, त्याचे हात कसे आहेत ते बघून या. तिचं नाव काढू नका. आणि त्यानं रिकामं घरटं दाखवलं, तर तासभर गप्प उभे राहा.