एरंडेलावरची मोटार

सावळाराम मोटारीखाली उताणा पडला होता आणि तेलाच्या चेंबरचा शेवटचा नट काही केल्या सुटत नव्हता. छातीवर पान्हा, नाकाशी चेंबर, आणि पलीकडे पडवीत आरामखुर्चीत बसलेले होमी शेठ दर दोन मिनिटांनी विचारत होते, “सावळा, निघाला काय?”

“निघतोय, शेठ.”

शहापुरात होमी शेठ लाकडाचे व्यापारी म्हणून जितके ठाऊक होते, त्याहून जास्त या मोटारीचे मालक म्हणून. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी हिरवी मोटार. शर्यतीत पळवायची वस्तू शेठनी मुरबाडच्या खडीवर आणली तेव्हा लोक म्हणाले, दोन पावसाळे काढले तरी खूप. त्याला आता अकरा वर्षं झाली. पैसा शेठचा होता हे खरं, पण इंजिन टिकलं ते सापगावच्या सावळाराममुळे. रेडिएटरचं पाणी तो फडक्यातून गाळून भरी. सकाळी इंजिन चालू करण्याआधी हँडल चार वेळा नुसतंच फिरवून तेल वर चढू देई. हजार मैल झाले की इंजिन गरम असतानाच तेल काढून टाकी, मग ते दिसायला कितीही चांगलं असो. बायकोचं डोकं दुखतंय हे त्याला दोन दिवसांनी कळे, पण टॅपेटचा आवाज केसभर बदलला तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

लढाई सुरू झाली आणि पुढे विलायती तेल मिळेनासं झालं. बसवाले जळकं तेल उकळून पुन्हा घालू लागले. सावळारामला असलं पाप सुचणंही शक्य नव्हतं. शेठनी पूर्वी कधीतरी सांगितलेलं त्याला आठवलं, की शर्यतीच्या मोटारी एरंडेलावरही पळतात. मात्र एरंडेल आणि विलायती तेल एकत्र आलं की दोन्हींचा चिकटा होतो आणि इंजिन मरतं. त्याने मुरबाडच्या बाजारातून एरंडी आणली, ती न भाजता तेल्याच्या घाण्यावर तिचं तेल काढून घेतलं, आणि त्याच्या बायकोने, भागीरथीने, ते तेल जुन्या लुगड्याच्या चौघडीतून तीनदा गाळलं. आठ महिने मोटार एरंडेलाच्या दिव्यासारखा वास सोडत झकास पळाली. तालुक्यात सावळारामचं नाव झालं. भातगिरणीवाले, पाण्याच्या इंजिनवाले बागायतदार त्याला बोलावून नेऊ लागले.

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी मोटार टोकावड्याच्या पुढच्या चढावर अडकून पडली. शेठना जंगलाच्या लिलावाला घेऊन चालला होता त्यांचा ड्रायव्हर नथू. इंजिन जाम झालेलं. बैल जुंपून मोटार मुरबाडपर्यंत ओढत आणावी लागली. तिथे मोटार अड्ड्यावर चार ड्रायव्हर, दोन एजंट आणि रिकामटेकडा अख्खा बाजार जमलेला असताना शेठनी सावळारामला बोलावून विचारलं, “हे कसा झाला?”

सावळाराम म्हणाला, “माज्या हातचं तेल दगा द्यायचं नाय, शेठ. वाटंत कोनी काय मिसाळलं आसंल तर त्याचं त्याला ठाव.”

एवढंच. नाव त्याने घेतलं नव्हतं. पण वाटेत मोटारीच्या तेलाला हात लावणारं नथूवाचून दुसरं होतं कोण? नथूने चांगलं एरंडेल विकून खाल्लं आणि इंजिनात बसचं जळकं तेल ओतलं, ही बातमी दिवे लागायच्या आत किन्हवलीपर्यंत गेली. शेठनी त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. नंतर तो बसवाल्यांच्या दारोदार हिंडला, पण इंजिन खाल्लेला ड्रायव्हर कोण उभा करतो?

शेवटचा नट सुटला. सावळारामने चेंबर अलगद खाली घेतलं आणि उजेडात आणून पायरीवर ठेवलं.

वरचं तेल एरंडेलच होतं, गढूळ पण निखळ. मात्र चेंबरच्या मध्ये जो आडवा पत्रा असतो त्याच्या पलीकडे, कोपऱ्यात, काळ्या गुळासारखा थर बसला होता. तेल ओढायची जाळी त्याच थराने बुजून गेली होती. सावळारामने बोट घातलं. थराच्या तळाशी थोडं पातळ काळं तेल अजून शिल्लक होतं. त्याने ते चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं. बसच्या जळक्या तेलाला घासलेटाची घाण येते. याला ती नव्हती. हा वास तो झोपेतही ओळखला असता. हे जुनं विलायती तेल होतं, आणि गेल्या आठ महिन्यांत त्याचा थेंबही तालुक्यात आला नव्हता. नथूने ते आणायचं तरी कुठून?

त्याला सगळं आठवलं. एरंडेल घालण्याआधी चेंबर उतरवून धुवायला हवं होतं. पण उतरवलं तर कडेचं बुचाचं पॅकिंग फाटलं असतं आणि नवं पॅकिंग लढाईत मिळत नव्हतं. म्हणून त्याने नुसता खालचा बोल्ट काढून तेल रात्रभर निथळू दिलं होतं. पत्र्यापलीकडचं तेल तसंच राहिलं होतं. जगाला मिसळू नका म्हणून सांगणाऱ्यानेच मिसळलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर चोरानेच बोट दाखवलं होतं.

हातात फडकं होतं. एकदा फिरवलं की काम संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोटं कशाला सांगू, फडकं कोपऱ्यापर्यंत गेलंही. मग त्याने ते खांद्यावर टाकलं आणि चेंबर उचलून तसंच शेठपुढे नेलं.

“शेठ, चूक माजी हाय. नथूनं कायपण केलेलं नाय.”

त्याने सगळं सांगितलं. शेठनी चष्मा वर करून चेंबरात पाहिलं आणि हसले.

“अरे, मग काय झाला? माणूस चुकते. तू साफ करून बांध, म्हणजे झाला.”

“आनि नथू?”

“एकदा काढला तो काढला. आता परत घेतला तर लोक मलाच हसेल. ड्रायव्हर दहा मिळते, सावळा. तुझ्यासारखा मेस्त्री कुठून आणू? कोणाला बोलू नको.”

शेठ ओरडले असते तर सावळारामला बरं वाटलं असतं. कामावरून काढलं असतं तरी चाललं असतं. हे हसणं त्याला फार लागलं.

घरी येऊन तो ओट्यावर बसून राहिला. भागीरथी तांदूळ पाखडत होती. त्याने तिला सांगितलं. तिचं सूप थांबलं.

“शेठला सांगितलंव ना?”

“सांगितलं. ते बोलतात, गप ऱ्हा.”

“तुमी नथूचं बोललात कुठं?”

“मुरबाडला. अड्ड्यावर, समद्यांसमोर.”

“मंग आता शेठला सांगून काय उपेग? बोललात तिथंच सांगायला पायजे.” आणि तिने पुन्हा पाखडायला घेतलं.

बाजाराच्या दिवशी सावळाराम मुरबाडला चालत गेला. अड्ड्यावर गर्दी होती. बसचा एजंट दामू तिकिटं फाडत होता. नथू दामूच्याच मालकाच्या बसवर गाठोडी चढवत होता. स्टिअरिंग धरणारा माणूस आता हमाली करत होता. सावळारामला वाटलं, मागे फिरावं. पण पाय तिथेच राहिले.

“दामूशेट, जरा ऐका. समद्यांनी ऐका,” तो म्हणाला. “होमी शेठचं इंजिन मी मारलं. जुनं तेल धुतलं नाय नि वरून एरंडेल वतलं. नथूचा काय बी संबंध नाय. त्या दिशी मी हितंच उभा ऱ्हाऊन बोललो, ते खोटं झालं.”

कोणी तरी हसलं. “म्हंजी वैद्यानंच रोगी मारला!” नथू गाठोडं खांद्यावर घेऊन तसाच उभा होता.

“काका, माजी बाय पोरांना घेऊन माहेरी गेली,” तो म्हणाला. “चोराच्या घरात ऱ्हानार नाय बोलली.”

सावळारामने पुढे होऊन त्याचे पाय धरले असते, पण नथूने पाठ फिरवली आणि गाठोडं वर चढवलं.

सावळारामने शेठचं इंजिन महिनाभर खपून साफ केलं. मोहाच्या दारूच्या पहिल्या धारेने चिकटा धुऊन काढला, जळालेलं बेअरिंग कल्याणहून ओतून आणलं, आणि मोटार पुन्हा पूर्वीसारखी चालू लागली. दामूच्या मालकाने नथूला बस दिली. त्याची बायकोही परत आली म्हणे. पण सावळारामला कोणी बोलवेना. भातगिरणीवाल्याने कल्याणचा माणूस लावला. बागायतदार रस्त्यात भेटला की पाऊसपाण्याचं बोलून सटके. अकरा वर्षांचं नाव एका दिवसात गेलं. त्याला वाईट वाटे, फार वाटे. पण आता जेवण मात्र जात होतं.

माघात एकदा नथूची बस सावळारामच्या दारासमोर गचके खात थांबली. आत माणसं, कोंबड्या, भाताची पोती. नथूने खाली उतरून बॉनेट उघडलं. सावळाराम अंगणातून धावत आला आणि दोन हातांवर थबकला.

नथू इंजिनाकडे बघतच म्हणाला, “मालकानं सांगितलंय, तुमचा हात लावून द्यायाचा नाय.”

“नको लावून देऊ. चालू कर.”

नथूने हँडल मारलं. सावळारामने डोळे मिटले, मान एका बाजूला केली.

“तिसऱ्या प्लगाची वायर ढिली हाय. दाबून बशिव.”

नथूने वायर बसवली. गचके गेले, इंजिन एका लयीत फिरू लागलं. उतारू ओरडू लागले, “चल रे, टाइम झाला!” नथू वर चढून बसला, पण गिअर टाकेना. स्टिअरिंगवर हात ठेवून तो खिडकीतून सावळारामकडे बघत राहिला.

सावळारामने घाई केली नाही. त्याने इंजिन नीट ऐकून घेतलं. मग त्याने मान हलवली, तेव्हा नथूने गाडी सोडली.